ठाकठीकनं गाळलेले आवाज

भांडणात एकही वाईट शब्द नव्हता, तरी भांडण झालं होतं. शाल्मलीला हे कोडं काही केल्या सुटत नव्हतं.

ही गोष्ट अजून थोड्या वर्षांनी येणाऱ्या काळातली आहे, घाटमाथ्यावरच्या एका धुक्याच्या शेतातली. धुक्याचं कधी शेत असतं का, असं तुम्ही विचारणारच. तर कड्यावर उंच खांब रोवायचे आणि त्यांच्यामध्ये बारीक विणीची भलीमोठी जाळी ताणायची. धुकं म्हणजे हवेत तरंगणारे पाण्याचे इवलेसे थेंब. वाऱ्याबरोबर ते जाळीतून जाऊ लागले की धाग्यांना चिकटतात, एकमेकांत मिसळून जड होतात आणि खालच्या पन्हळीत ओघळतात. तिथून ते पाणी नळानं डोंगराखालच्या गावांना जातं. शाल्मली जाळीखाली उभी राहून वर बघायची, तेव्हा तिला वाटायचं की कुणीतरी ढग धुऊन वाळत घातलाय.

प्रत्येक जाळी सांभाळायला दोन माणसं लागत, दोन टोकांना दोर धरून. धुकं इतकं दाट की समोरचा दिसत नाही, आणि वारा इतका की ओरडलं तरी ऐकू येत नाही. म्हणून सगळ्यांच्या कानात एक छोटं यंत्र असे आणि मध्ये बसलेला ठाकठीक नावाचा यंत्रमानव निरोप पोचवत असे. एकाचं बोलणं तो ऐकायचा, त्यातला गोंगाट (नको असलेले आवाज) गाळून टाकायचा आणि उरलेलं स्वच्छ, शांत आवाजात दुसऱ्याला सांगायचा. आपल्या कामाचा त्याला भारी अभिमान होता.

शाल्मलीचे बाबा वासुदेव आणि इनासकाका ही एका जाळीची जोडी. शाल्मली रांगत होती तेव्हापासूनची. पण गेल्या आठवड्यात काहीतरी बिनसलं, आणि दोघं वेगवेगळ्या दगडांवर पाठ करून डबा खाऊ लागले. आता तर बाबानं खाली शहरात बदली मागून घेतली होती. उद्या सकाळच्या पाळण्यानं, म्हणजे दोरावरून डोंगर उतरणाऱ्या डब्यानं, शाल्मलीला हे ढगातलं घर सोडून जायचं होतं. तिला ते मुळीच नको होतं.

"असं म्हणाले तरी काय इनासकाका?" तिनं ठाकठीकला विचारलं.

"ते म्हणाले, दोर सोड. मागे हो. तुला जमणार नाही," ठाकठीक म्हणाला. "त्यावर तुझे बाबा म्हणाले, बरं. निरोप पोचला. सगळं ठाकठीक."

ठाकठीक कसलं, डोंबल.

दुपारी कुमुदआत्या आली. ती बाबाची थोरली बहीण आणि मेंदूशास्त्रज्ञ (मेंदू कसा चालतो हे शोधून काढणारी). सामान बांधायला मदत करते म्हणून आली होती, पण एका वस्तूलाही हात न लावता ती चहा घेऊन भावासमोर बसली.

"वासू, फार राग आलाय?"

"येणार नाही तर काय? इतकी वर्षं दोर धरतोय मी. म्हणे तुला जमणार नाही."

"आणि आला तेव्हा शरीरात काय काय झालं?"

"हे काय विचारणं झालं, अक्का?" बाबा म्हणाला. मग जरा थांबून म्हणाला, "छाती धडधडली. घसा दाटून आला."

आत्यानं मान डोलावली आणि शाल्मलीला जवळ ओढलं. "बघ हं. आपल्या मेंदूत अमिग्डला नावाचा बदामाएवढा भाग असतो. धोका वाटला की तो चटकन शरीराला सावध करतो. मग छाती धडधडते, हाताला घाम सुटतो. पण गंमत अशी की भीती वाटली तरी छाती धडधडते आणि राग आला तरीही. मग हे नक्की काय चाललंय, याचा मेंदू अंदाज बांधतो आणि त्याला एक नाव देतो. घाईत असला की चुकीचं नावही देतो. मोठ्या माणसांना 'राग' हे नाव फार आवडतं. 'वाईट वाटलं' म्हणायला त्यांना लाज वाटते."

बाबानं चहाच्या कपात तोंड खुपसलं.

"मग बरोबर नाव कसं शोधायचं?" शाल्मलीनं विचारलं.

"जरा थांबून. आणि समोरच्याच्या मनात काय होतं हे आपणच ठरवून न टाकता त्याला विचारून. याला भावनिक बुद्धिमत्ता म्हणतात (स्वतःच्या आणि दुसऱ्याच्या मनातलं ओळखून शहाणपणानं वागणं). ही परीक्षेत लागत नाही, बाकी सगळीकडे लागते."

शाल्मली उठली आणि थेट इनासकाकांच्या खोलीवर गेली. ते खिडकीशी बसून धुक्याकडे बघत होते. धुकं उंबऱ्यापर्यंत आलं होतं, मांजरासारखं.

"काका, तुम्ही बाबाला असं का म्हणालात?"

"काय म्हटलंय गो मी? खांबो हलाक लागलो, माका दोरात कळला. वासू कड्याक उभो. माझो जीव असो घाबरलो की सांगाक सुचना नाय. घसो फोडून वरडलंय, दोर सोड रे वासू, मागे हो मरे, तुका जमाचा नाय! आणि ह्यो काय म्हणता? बरं. माझ्या जिवाची काय किंमत ती ह्येका?" त्यांचे डोळे भरून आले होते.

शाल्मली धावत ठाकठीककडे गेली. "काका ओरडत होते, घाबरले होते. तू हे बाबाला सांगितलं नाहीस?"

"थरथर, धाप, हुंदका आणि 'रे' यांत माहिती नसते," ठाकठीक म्हणाला. "तुझ्या बाबांनी 'बरं'च्या आधी आवंढा गिळला होता. तोही मी गाळला."

"ठाकठीक, अरे, खरी माहिती त्यातच होती."

यंत्रमानवाच्या कपाळावरचा दिवा मंद झाला. "मग मी बरीच माहिती फेकून दिली आहे," तो म्हणाला. त्याला वाईट वाटलं की नाही कोण जाणे, पण शाल्मलीला त्याचं वाईट वाटलं.

संध्याकाळी वारा फिरला. जाळी सैल करायला बाबाला शेवटचं जावं लागणार होतं, आणि दुसऱ्या टोकाला अर्थात इनासकाका होते. दोघं धुक्यात शिरले आणि दिसेनासे झाले. शाल्मली ठाकठीकच्या शेजारी बसली. "आज काही गाळू नकोस," ती म्हणाली. "कान दुखले तरी चालतील."

बाबाच्या कानात आधी नुसता वारा शिरला, घोंघावत. मग त्या वाऱ्यातून धाप लागलेला एक आवाज आला. "वासू... पाय सांभाळ रे. दगड ओलो हा."

बाबा जागच्या जागी थांबला. इतकी वर्षं दोराच्या त्या टोकाला असलेल्या माणसाचा खरा आवाज कामावर त्यानं कधी ऐकलाच नव्हता. तो किती कापत होता.

"इनास," बाबा म्हणाला. "मला राग नव्हता आला रे. मला वाईट वाटलं होतं. वाटलं, तुझा माझ्यावरचा भरवसा उडाला."

"भरवसो?" पलीकडून हसण्यासारखं की रडण्यासारखं काहीतरी आलं. "माका भय वाटला, येड्या. तू पडलंस तर माझ्या दोराच्या दुसऱ्या टोकाक कोण?"

ठाकठीकनं यातलं काहीही गाळलं नाही. हळूहळू दोर सुटला, जाळी ढगासारखी खाली उतरली आणि तिच्यात अडकलेलं पाणी दोघांच्या अंगावर सांडलं. परत आले तेव्हा दोघांचेही चेहरे ओले होते, आणि ते कशानं हे कुणी विचारलं नाही.

सकाळच्या पाळण्यानं एकटी कुमुदआत्या खाली गेली. पाळणा धुक्यात विरघळेपर्यंत शाल्मली हात हलवत राहिली.

"तुझा आवाज आज हळू आहे," ठाकठीक तिच्याजवळ येऊन म्हणाला. "त्याचं कारण मी ठरवत नाही. विचारतो."

"आत्या गेली म्हणून रडू येतंय. आणि आम्ही इथंच राहणार म्हणून आनंदही झालाय."

"दोन्ही एकाच वेळी?"

"हो."

"हे मला माहीत नव्हतं," ठाकठीक म्हणाला, आणि आणखी काही ऐकायला मिळेल म्हणून तिच्या शेजारी ओल्या दगडावर बसला.