कुलूपबंद मालडबे

"त्याला संध्याकाळच्या आत घराबाहेर काढायचं आहे. तुम्ही फक्त पुरावा द्या."

कात्रीबाई खुर्चीत टेकल्याही नव्हत्या, तोवर थोरल्यांनी एवढं बोलून घेतलं. लोकांचं बोलणं मध्येच कापतात म्हणून या खाजगी गुप्तहेर बाईंना ते नाव पडलं होतं. आज मात्र त्यांनी कापाकापी केली नाही. रागावलेला माणूस स्वतःच्याच तोंडाने बरंच सांगून जातो. त्यांचा सोबती फोटोग्राफर कॅमेऱ्याच्या पट्ट्यात गुंतून दारातच अडकला होता.

'तो' म्हणजे थोरल्यांचा धाकटा भाऊ. घरात माणसं तीन: थोरले, त्यांची बायको आणि हा बिनलग्नाचा धाकटा. अख्खी एक खोली छोट्या आगगाडीने व्यापलेली. टेबलावर रूळ, स्टेशन, हिरवे डोंगर. भिंतीवर काचेचं कपाट. कपाटात मालडब्यांची रांग, आणि त्यातले पदकविजेते तीन बंद डबे फुटलेले. छप्पर उचकटलेलं, बाजू उसवलेल्या, फटींतून पांढरी भुकटी सांडलेली.

"उद्या संग्रहालयाची माणसं हे न्यायला येणार होती," थोरले म्हणाले. "माझ्या नावाची पाटीसुद्धा तयार आहे. याला ते बघवलं नाही. तेजाब ओतलं असणार, नाहीतर हातोडी घातली."

"कपाटाला कुलूप होतं?"

"होतं. किल्ली माझ्या गळ्यात. त्याने दुसरी करून घेतली असेल, कारस्थानी आहे तो!"

फोटोग्राफरने काचेतून फोटो काढला आणि तो शिंकला. "आत केवढी धूळ आहे हो! चाकांभोवती तर साय धरल्यासारखी."

"ती पुसू नका," कात्रीबाई म्हणाल्या. मग थोरल्यांकडे वळल्या. "हे डबे मुळात कसे होते?"

"जुनी खेळणी. जाड चाकं, नको तेवढा लांब सांगाडा. खऱ्या डब्याशी माप जुळेना. ते कापून, तासून मी खऱ्यासारखे केले."

"आणि डब्यांच्या बाजूच्या शिड्या?"

"असतात तशा. आता एवढे तपशील कोण लक्षात ठेवतो?"

"आत वजन काय भरता?"

इथे थोरल्यांची छाती फुगली. "लोखंडी नट. दोन ट्यूबांचा गोंद मिसळून घट्ट बसवायचे. बारीक चाकांचा डबा हलका राहिला तर रुळावरून उडतो. या कपाटातल्या प्रत्येक डब्याचं पोट मी स्वतः भरलंय. नटांशिवाय दुसरं काही मी आयुष्यात वापरलं नाही."

कात्रीबाईंनी मान डोलावली आणि धाकट्यांची खोली गाठली.

धाकटे गळ दुरुस्त करत बसले होते. मासेमारी हा त्यांचा एकुलता एक शौक. दोरीला बांधायच्या शिशाच्या गोळ्या बशीत पडल्या होत्या, शेजारी अर्धी भरलेली बॅग.

"डबे तुम्ही फोडलेत?"

"दादा म्हणतो ना? मग फोडले असतील."

"हे कबुलीसारखं वाटत नाही. चिडल्यासारखं वाटतं."

"बाई, तुम्हाला त्याने बोलावलंय. त्याला हवं ते लिहा आणि सुटा. मी निघालोच आहे. फक्त वहिनींना यात ओढू नका."

"त्यांचं नाव मी घेतलंच नव्हतं," कात्रीबाई म्हणाल्या. धाकट्यांनी पाठ फिरवली.

वहिनी स्वयंपाकघरात बोटांवरची वाळलेली गोंदाची पापडी सोलत होत्या. टेबलावरचे डोंगर आणि झाडं त्यांच्या हातची. त्यासाठी सुताराच्या पांढऱ्या गोंदाचा डबा कायम उघडा असे.

"भाऊजींनी नाही केलं," त्या घाईने म्हणाल्या, "आणि केलं असेल तर त्यांना कारण असेल."

"कसलं कारण?"

त्या पुन्हा पापडी सोलू लागल्या. कात्रीबाईंनी विषय बदलला. "डबे सुंदर होते म्हणे."

"शिड्या बघायला हव्या होत्या तुम्ही." वहिनींचा आवाज एकदम मऊ झाला. "मूळच्या बाजूलाच ओतलेल्या, नुसते उंचवटे. ते तासले आणि तारेची एकेक पायरी लावली. श्वास रोखून धरावा लागतो." चिमटा धरल्यासारखी बोटं हवेत हलली आणि चटकन पदराआड गेली.

बाहेर आल्यावर फोटोग्राफर कुजबुजला, "मला तर धाकट्याचाच संशय येतो. बॅगसुद्धा भरलीय."

"तुम्हाला नेहमी बॅग भरलेल्याचाच संशय येतो. चला, सगळ्यांना बोलवा."

तिघं आगगाडीच्या खोलीत तीन कोपरे धरून उभे राहिले. थोरल्यांनी कपाट उघडलं. कात्रीबाईंनी फुटका डबा हलकेच उचलला, भुकटी नाकाशी नेली आणि पात्याने आतला गठ्ठा खरवडला. पांढऱ्याखाली करडं शिसं चमकलं.

"हा डबा कुणीच फोडलेला नाही."

"म्हणजे स्वतःहून फुटला?" थोरले उसळले.

"हो. धूळ बघा. चाकांभोवतीचा थर अखंड होता, म्हणजे डब्यांना कुणी बोटही लावलं नाही. हातोडी बाहेरून बसली असती तर बाजू आत दबल्या असत्या. या बाहेर फुगल्यात. तेजाबाने डबा बाहेरून खाल्ला असता. रंग तर शाबूत आहे. आता वास घ्या. आंबूस आहे. आत शिशाच्या गोळ्या पांढऱ्या गोंदात बसवल्या होत्या. बंद डब्यात तो गोंद शिशाला वर्षानुवर्षं खात राहतो, शिशाची भुकटी होते, ती फुगते आणि डबा फाडते. हा छंद असलेल्यांची ही जुनी चूक आहे. एरवी कुणी शिसं असं चिकटवत बसत नाही."

"पण यांच्या डब्यांत तर नट असतात ना?" फोटोग्राफर गोंधळला.

"यांच्या डब्यांत असतात. ते धड आहेत. हे तीन यांचे नाहीतच."

थोरल्यांचा चेहरा उतरला. तोंड मात्र बंद होईना. "काहीतरीच काय!"

"शिड्या कशा केल्या ते तुम्हाला सांगता आलं नाही. तुमच्या बायकोला सांगता आलं, हातवाऱ्यांसकट. गोंद त्यांचा, शिसं धाकट्यांच्या बशीतलं. डबे वहिनींनी केले, पदक तुम्ही घेतलंत. धाकट्यांना हे ठाऊक होतं. वहिनींनी रागाने फोडले असं वाटून ते गप्प राहिले. आणि वहिनींना वाटलं, आपल्यासाठी भाऊजींनी फोडले."

दीर-भावजय एकमेकांकडे बघत राहिले. वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं.

"स्पर्धेला यांनी स्वतःचं नाव दिलं," त्या म्हणाल्या. "भाऊजी भांडायला निघाले होते. मीच शपथ घातली. म्हटलं, घरातच आहे ना पदक!"

भावाची माफी मागायची हीच वेळ होती. थोरल्यांनी घसा खाकरला.

"उद्या ती माणसं येतील. तोवर दुरुस्त होतील का?"

खोलीत कुणालाच हे खरं वाटेना. वहिनींनी डोळे पुसले.

"होतील. रात्रभर बसावं लागेल. पण पाटीवर माझं नाव लागेल."

थोरल्यांनी बायकोकडे पाहिलं, भावाकडे पाहिलं आणि मग नजर भिंतीवर नेली.

"मग फुटकेच राहू देत."

"बरं," वहिनी म्हणाल्या. त्यांचा आवाज आता अगदी शांत होता. "उद्या दार तुम्हीच उघडा, आणि काय झालं तेही तुम्हीच सांगा त्यांना. मी आणि भाऊजी मध्ये एक शब्द बोलणार नाही. आम्हाला सवय आहे."