अर्डेलासाठी एक संथ गाणं

रेडिओ तिथे मीच नेला, हे आधीच सांगून टाकते. तुला मध्ये मध्ये विचारायची खोड आहे, म्हणून.

आमच्या डायलिसिस केंद्रात मी मशीन चालवते, हे तुला ठाऊकच आहे. माणसं दुपारी येतात, खुर्चीत पडतात, आणि त्यांचं रक्त मशीनमधून धुऊन परत अंगात जाईपर्यंत हलायचं नाही. या हिवाळ्यात टीव्हीवरून रोज भांडणं सुरू झाली. एकाला बास्केटबॉल हवं, दुसरीला प्रवचन. भांडणाने रक्तदाब चढायचे आणि मशीनं केकाटायची. शेवटी मोठ्या नर्सबाईंचे कान किटले. "व्हर्नेल, काहीतरी शांत लाव गं," त्या म्हणाल्या. "संथ जॅझ वगैरे. नाहीतर मीच एका खुर्चीत आडवी होईन."

म्हणून मी स्वयंपाकघरातला रेडिओ नेला. नेहमीच्या स्टेशनांवर गाड्यांच्या जाहिराती चालल्या होत्या. काटा फिरवत गेले, आणि दोन स्टेशनांच्या मधल्या खरखरीत एक सॅक्सोफोन लागला. इतका मऊ, की हातातली नळी तशीच धरून मी उभी राहिले. हळूहळू सगळी खोली गप्प झाली. बाहेर बर्फावर अंधारून येत होतं, फरशीला नेहमीचा ब्लीचचा वास होता, आणि सगळ्यांचे रक्तदाब एकापाठोपाठ खाली येत होते. मला तर धन्य वाटलं.

मग निवेदक बोलला. खालच्या पट्टीतला, कानाशी येऊन बोलल्यासारखा आवाज. "हे गाणं मिसेस क्लिओथा बिग्ज यांच्यासाठी... त्यांच्यावर जीव असलेल्या एका माणसाकडून."

आता आपल्या डेट्रॉइटमध्ये याचं कुणाला नवल? रेडिओवरून गाणं पाठवणं ही आपली जुनी रीत. आमच्या गल्लीतली निम्मी लग्नं अशाच फर्माइशींनी जुळली. क्लिओथाबाई लाजून लाल झाल्या. "या वयात कोण मेला माझ्यावर भाळलाय?" म्हणाल्या, आणि सगळ्यांनी त्यांना यथेच्छ चिडवलं.

पुढच्या पाळीला त्यांची खुर्ची रिकामी होती. झोपेतच गेल्या.

आमच्याकडे खुर्च्या रिकाम्या होतातच. आम्ही पुसतो आणि पुढच्या माणसाला बसवतो. मग आमच्या आणखी एका पेशंटसाठी, थॅडियससाठी गाणं लागलं. तोही झोपेत गेला. त्यानंतर कोपऱ्यातल्या शांत मिसेस हॅगिन्ससाठी लागलं. त्यांना मात्र मी घरी सोडायला गेले, उगाच थांबून राहिले, त्यांच्या मुलीला सांगून आले, रात्री लक्ष ठेव म्हणून. काही उपयोग झाला नाही.

पुढच्या पाळीच्या आधी मी रेडिओ उचलला आणि गाडीच्या डिकीत कोंबला. कारण खिडकीजवळच्या खुर्चीत माझी अर्डेला होती. सख्खी मोठी बहीण. माझं मूत्रपिंड तिला जुळलं होतं, ऑपरेशनची तारीख ठरली होती. तेवढे दिवस तिने तग धरायचा, बस. तिला यातलं मी अवाक्षर सांगितलं नाही. तिचा रक्तदाब आधीच बेभरवशाचा.

तिच्या शेजारच्या खुर्चीत लूशियस पेटवे. गाड्यांच्या कारखान्यातून निवृत्त झालेला विधुर, इस्त्रीच्या शर्टाशिवाय कधी यायचा नाही. तो अर्डेलावर किती लट्टू होता ते आंधळ्यालाही दिसलं असतं.

"रेडिओ कुठाय, पोरी?" त्याने विचारलं.

"बिघडला."

"अरेरे. आजच बिघडायचा होता." तो माझ्याकडे झुकला. "काल मी फोन केला होता त्यांना. हिच्यासाठी गाणं सांगितलंय. आज लावतो म्हणाले."

"नंबर... नंबर कुठून मिळाला तुम्हाला?"

"तो निवेदकच सांगतो की मधूनमधून. तू ऐकत नाहीस वाटतं?"

मी एकदाही ऐकला नव्हता. देवाशपथ. मी त्याच्या खुर्चीशी उकिडवी बसले आणि दबल्या आवाजात तीन नावं घेतली. क्लिओथा. थॅडियस. मिसेस हॅगिन्स. पुढे काही बोलायची गरज पडली नाही. तो म्हणाला, "भिंतीवरचा फोन आण इकडे. दोरी पुरेल."

त्याने नंबर फिरवला. पलीकडचा सॅक्सोफोन मला उभ्याउभ्या ऐकू येत होता.

"कालची फर्माईश आहे... अर्डेला स्ट्रिंगरची. ती रद्द करा." तो ऐकत राहिला. "बरं. रद्द होत नाही... पण नाव बदलता येतं?" पुन्हा ऐकलं. मी मान हलवत होते, नको, नको म्हणत होते. त्याने माझ्याकडे बघितलंच नाही. "मग लिहा. लूशियस पेटवे. हो, मीच."

मग त्याने फोनवर हात ठेवला. "पाठवणाऱ्याचं नाव विचारतोय."

तेवढ्यात अर्डेलाने डोळे उघडले. तिला वाटलं नेहमीची थट्टा चाललीय. "काय रे म्हाताऱ्या, स्वतःलाच गाणं पाठवतोस? लोक हसतील." आणि ती गोड हसली. "माझं नाव सांग. अर्डेलाकडून."

लूशियसचा चेहरा असा उजळला, की तो मला मरेपर्यंत विसरता येणार नाही. "अर्डेलाकडून," त्याने फोनमध्ये सांगितलं, आणि खुर्चीत मागे टेकून डोळे मिटले. रेडिओ बाहेर डिकीत होता. तरी त्याची बोटं खुर्चीच्या हातावर ताल धरत होती. मला काहीच ऐकू आलं नाही.

शनिवारी आम्ही त्याला पुरलं. अर्डेला खूप रडली. आणि मला, खरं सांगते, रडू आलं तरी आत जिवात जीव आला होता. त्याची लाज वाटते.

ऑपरेशन छान झालं. माझं मूत्रपिंड तिच्या पोटात पहिल्याच दिवसापासून कामाला लागलं. परवा रविवारी ती स्वतः गाडी चालवत माझ्याकडे आली, रताळ्याचा पाय, तो आपला केकसारखा गोड, भाजून घेऊन. गालांवर रंग होता. मी तिच्याकडे बघतच राहिले.

"व्हर्नेल," ती म्हणाली, "तू मला एवढं दिलंस. मी तुला काय देणार? विचार करकरून डोकं शिणलं. शेवटी काल तुझ्यासाठी एक गाणं सांगितलं. लूशियसच्या त्या स्टेशनवर. त्याने मला नंबर देऊन ठेवला होता."

मी हातातला चमचा खाली ठेवला. "कुणाशी बोललीस तू?"

"लूशियसशी."

"अर्डेला... लूशियसला आपण पुरलं."

"ते मला सांगतेस?" तिने पायचा मोठा तुकडा माझ्या ताटलीत सरकवला. "मीच नाही का माती टाकली? पण फोन त्यानेच उचलला."