दारावरचा डहाळा

"थांबा! पाय आत टाकू नका!"

हेमलताचा एक पाय फाटकाच्या आत, एक रस्त्यावर. असोद्याच्या गल्ल्यांत पत्ता शोधता शोधता तिची स्कूटी दोनदा कोणाच्या तरी गोठ्यात जाता जाता राहिली होती, आणि आता घर सापडलं तर हे असं स्वागत! तिने मान वर केली. समोर केळीच्या चिकाने डागाळलेला शर्ट घातलेला एक उंच तरुण उभा होता, हातात पाण्याचा तांब्या.

"मी चोर नाही हो," ती म्हणाली. "शिक्षिका आहे. रोशनीला शिकवायला आलेय, जळगावहून."

"ते दिसतंय. चोराने आधी डहाळा बघितला असता."

त्याने फाटकाकडे बोट केलं. कडीत कडुलिंबाचा ताजा डहाळा खोचलेला होता. हेमलता ओशाळली. पूर्वी घरात कोणाला गोवर-कांजिण्या निघाल्या की दाराला लिंब लावायचे आणि बाहेरच्याने आत यायचं नाही, हे तिला आजोळी पाहून ठाऊक होतं. या घराने ती जुनी चाल आपल्या कामाला लावली होती.

रोशनी होती अकरा वर्षांची. रक्ताचा आजार. मुंबईचे मोठे उपचार करून घरी आली होती, पण औषधांनी तिच्या पांढऱ्या पेशी अधूनमधून इतक्या खाली जायच्या की साधी सर्दीही तिला पेलली नसती. शाळेचं तर नावच नको. दर आठवड्याला जळगावात रक्त तपासायचं. पेशी कमी निघाल्या की डहाळा वर, आणि बाहेरच्याने ओट्यावरूनच बोलायचं. रिपोर्ट चांगला आला की डहाळा खाली, मग मास्क लावून, हात धुऊन आत. दूधवाल्यापासून सरपंचापर्यंत सगळे हा नियम पाळत.

हेमलताचाही एक नियम होता. आजारपणामुळे शाळेला मुकलेल्या मुलांना घरी जाऊन शिकवणं हेच तिचं काम, आणि नव्या घरी गेल्या गेल्या ती शब्द द्यायची, की माझा घसा जरी खवखवला तरी त्या दिवशी मी येणार नाही. त्या दिवशीही तिने तो शब्द दिला. ओट्यावर बसून, खिडकीच्या गजांपलीकडच्या टोपीवाल्या मुलीला.

"मग तुम्हाला सर्दी होऊच नये," रोशनी म्हणाली. "मला गणित येत नाही."

"आणि मला भूगोल," तांब्यावाला मागून पुटपुटला.

तो प्रकाश, रोशनीचा काका. रोशनीचे वडील रतिलाल केळीचा ट्रक घेऊन उत्तरेत जायचे ते आठवडा आठवडा परत येत नसत, म्हणून शेत आणि पुतणी दोन्ही याच्याच अंगावर. बाग घरामागेच होती. हेमलता यायची वेळ आणि याची भाकरी खायची वेळ एकच कशी, हे विचारायला कोणी गेलं नाही, पण रोशनीच्या आईच्या ओठांवर हसू असायचं.

हात धुवायचं काम त्याने आपल्याकडेच घेतलं. नळ होता, अगदी हाताशी होता. तरी हा तांब्या घेऊन हजर.

"नळ बिघडलाय का, प्रकाशभाऊ?"

"नळ ठीक आहे. नळाला कळत नाही किती धार सोडायची." मग जरा थांबून, पाणी ओतता ओतता, "आणि ते भाऊ... राहू द्या."

"अख्खं गाव म्हणतं."

"गावाला म्हणू द्या ना. तुम्ही जळगावच्या."

हिवाळ्याची सकाळ, गार पाणी, साबणाचा फेस. तो तिच्या हातांकडे बघायचा आणि ती त्याच्या बघण्याकडे. हात एकदाही हाताला लागला नाही. पण कोपरापर्यंत धुतलेले हात कोरडे व्हायला जितका वेळ लागावा, त्याहून फार जास्त वेळ लागायला लागला होता...

अपूर्णांक शिकवायचे होते तेव्हा त्याने बागेतून केळीची एक मोठी फणी आणून ठेवली. "ही पूर्ण. यातली अर्धी रोशनीची."

"आणि उरलेली?" रोशनीने विचारलं.

"त्यातली अर्धी मॅडमची."

"म्हणजे पाव! आणि उरलेली पाव तुझी. मग तुम्ही दोघं मिळून अर्धे." रोशनीने बोटांवर हिशेब केला आणि टाळी वाजवली. "बरोबर ना, मॅडम?"

"बरोबर," हेमलता म्हणाली. तिचे कान तापले होते. प्रकाश केळ सोलण्यात एवढा गुंतला, की त्याने रिकामी साल तिच्या हातात दिली.

संक्रांत झाली आणि एका बुधवारी, डहाळा वर असताना, ती ओट्यावरून उठली तेव्हा तो म्हणाला, "मॅडम, रोशनी बरी झाली, शाळेत गेली, की तुमचं येणं बंद?"

"तेच तर माझं काम. मुलगी शाळेत जाते त्या दिवशी मी पेढे खाते आणि निघते."

"निघू नका ना."

ती स्कूटीची किल्ली शोधत राहिली. किल्ली हातातच होती.

"अक्का रविवारी धुळ्याला चाललीय," तो खाली बघत म्हणाला. अक्का म्हणजे त्याची आई, कुंदाबाई. "मुलगी बघायला. माझ्यासाठी. मी तिला थांबवू शकतो... पण काय सांगून थांबवू?"

"शनिवारी सांगते," हेमलता म्हणाली आणि स्कूटी अशी पळवली की वाटेत स्पीडब्रेकर लागलेला तिला कळलाच नाही. उत्तर तिचं तेव्हाच ठरलं होतं. खरं सांगायचं तर तांब्याच्या पहिल्या धारेलाच ठरलं होतं.

शनिवारी सकाळी ती उठली आणि घसा खवखवला.

थोडासाच. मिठाच्या पाण्याने गुळण्या केल्या, हळदीचं दूध घेतलं. ताप नव्हता, नाक वाहत नव्हतं. फोन हातात घेतला, की आज येत नाही म्हणून कळवावं. आणि ते दुसरं? तेही फोनवर सांगता आलं असतं की. एक शब्द तर होता. पण तो शब्द ऐकताना त्याचा चेहरा कसा होतो हे तिला बघायचं होतं. आयुष्यात एकदाच बघायला मिळणारी गोष्ट, ती फोनवर का दवडायची? आणि डहाळा वरच असेल, आपण ओट्यावर बसू, मास्क तर आहेच, अशी तिने मनाची समजूत घातली. दिलेला शब्द तिने असा हळूच बाजूला सारला.

फाटकापाशी आली तर कडी रिकामी. डहाळा नव्हता!

तिला इतका आनंद झाला की शंका यायला जागाच उरली नाही. म्हणजे रिपोर्ट चांगला आला. म्हणजे आज आत बसायचं. तिथूनच परत फिरायचं तिचे पाय विसरले.

"ये व पोरी, बैस," अक्का आतून म्हणाल्या. "आज भरीत केलं. खाल्ल्याबिगर जाऊ नको. प्रकाश, पाणी दे रे बाईले."

मागच्या अंगणात कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली होती, तो धूर अजून घरभर होता. केळीच्या पानावर हिरवंगार भरीत, कळण्याची भाकरी, कांद्याची पात. जेवायचं म्हणजे मास्क काढावाच लागला. रोशनी चिकटून बसली होती, खूप दिवसांनी आत आलेल्या मॅडमचा हात सोडत नव्हती. "मॅडम, माझी वेणी यायला लागली!" म्हणून टोपी काढून दाखवली. जेमतेम बोटभर केस. हेमलताने त्यांवरून हात फिरवला, कपाळाचा मुका घेतला. तो मुका तिला पुढे किती रात्री आठवणार होता, हे तेव्हा कोणाला माहीत होतं?

निघताना नळापाशी तो तांब्या घेऊन उभा राहिला. अक्का आत, रोशनी आत. पाण्याची धार हातांवर पडत होती.

"सांगणार होतात ना..." तो म्हणाला.

तिने मान वर केली, ओठ उघडले, आणि खोकला आला. एकच, कोरडा. धार मधेच थांबली. प्रकाशने तिच्याकडे पाहिलं, तिने त्याच्याकडे पाहिलं, आणि ओठांवर आलेला शब्द घशातच राहिला.

"येते मी," ती म्हणाली.

रात्री रोशनीला ताप भरला. रविवारी अक्का धुळ्याला गेल्याच नाहीत. रोशनी जळगावच्या दवाखान्यात काचेपलीकडे होती, आणि हेमलता तापाने फणफणत घरी. उभं राहण्याइतकी बरी झाली तशी ती दवाखान्यात गेली, बाहेर झाडाखालीच थांबली. प्रकाश आला. दाढी वाढलेली, डोळे लाल.

"माझा घसा सकाळपासूनच धरला होता," तिने एका दमात सांगून टाकलं. "मला माहीत होतं. तरी मी आले."

तो जमिनीकडे बघत होता.

"डॉक्टर म्हणतात, कुठूनही आलं असेल," तो म्हणाला. "तुम्ही घरी जा, मॅडम."

एवढंच. तिला वाटलं, याहून शिवी दिली असती तर बरं झालं असतं. ती घरी गेली.

रोशनी वाचली. काचेपलीकडून अलीकडे आली, आणि पुढचे महिने हेमलताने तिला फोनवरून शिकवलं. अपूर्णांक झाले, दशांश झाले. मागे कधी तांब्याचा आवाज येई, कधी पावलं वाजत. "काका, बोलतोस?" रोशनी विचारायची आणि पावलं लांब जायची. ही बोलवायची नाही, तो बोलायचा नाही. तो रागावलाय हे हिने पक्कं धरलं. रागावणाऱ्याला काय सांगणार? तिने लांब, साक्री तालुक्यात काम मागून घेतलं. चैत्रात रोशनीनेच बातमी दिली, की काकाचा साखरपुडा झाला, धुळ्याची काकू आहे, छान आहे, पण तिला गणित येत नाही.

जूनमध्ये शाळा उघडली. रोशनीने हट्टच धरला, की मॅडम आल्याशिवाय दप्तर उचलणार नाही. हेमलता गेली. नवा गणवेश, दोन छोट्या घट्ट वेण्या, हातात पेढ्यांचा पुडा. रोशनी आईचा हात धरून गल्लीच्या वळणावर दिसेनाशी झाली आणि फाटकापाशी दोघंच उरले. कडी रिकामी होती.

प्रकाशने तांब्या भरून आणला.

"आता गरज नाही," ती म्हणाली.

"असू द्या."

तिने हात पुढे केले. पाणी उन्हाने कोमट झालं होतं.

"त्या शनिवारी तुम्ही काय सांगायला आला होतात?" त्याने विचारलं. आवाज खाली. "आता विचारायचा हक्क नाही. तरी..."

"हो म्हणायला," हेमलता म्हणाली. लपवून आता कोणाचं भलं होणार होतं?

धार थांबली नाही. संथ पडत राहिली.

"मले माहीत होतं," तो म्हणाला. तिच्याशी जपून बोलायचा तो, पण आज बोलीच आली तोंडात. "बुधवारी तुम्ही स्कूटी पळवली ना, तव्हाच माहीत झालं. म्हणून तर... डहाळा मी काढला व्हता."

"म्हणजे?"

"रिपोर्ट सोमवारी येणार होता. पोरगी हसत होती, खेळत होती, मले वाटलं, दोन दिवस आधी काढला तर काय होतं? तुम्ही ओट्यावरून हो म्हणणार, अन् मी लांब उभा राहून ऐकणार... मले घरात ऐकायचं व्हतं. अक्काले, वहिनीले म्हटलं, रिपोर्ट चांगला आला." तांब्या रिकामा झाला तरी त्याने तो तसाच तिरपा धरला होता. "तुम्ही झाडाखाली सगळं सांगून मोकळ्या झाल्या. मले नाही जमलं. रागावलो नव्हतो मी. तुमच्यासमोर उभं राहायची लाज वाटे."

इतके महिने हेमलता ज्या रागाला घाबरून लांब राहिली, तो राग नव्हताच. त्याने एक शब्द बोलायचा होता, तिने एकदा फोनवर "दे काकाला" म्हणायचं होतं. दोघांनी एकाच दिवशी, एकाच लोभाने, एकाच लेकराच्या जिवाशी खेळ केला होता, आणि दोघांनी ते ओझं वेगवेगळं वाहिलं.

"लग्न कधी?" तिने विचारलं.

"दिवाळीनंतर. चांगली आहे ती. तिला फसवणार नाही."

"फसवूच नका." तिने हात पुसले नाहीत, ओल्या हातानेच किल्ली फिरवली. "येते, प्रकाशभाऊ."

या वेळी त्याने 'राहू द्या' म्हटलं नाही.

आता ती पिंपळनेरजवळच्या एका पाड्यावर जाते. मोतीबाईचा नातू करमसिंग सांधे सुजले की अंथरुणातून उठू शकत नाही, त्याला शिकवायला. परवा तिच्या घशात थोडं खवखवलं. करमसिंगला सर्दीने धोका होता, पण घरात तशी काही चाल नव्हती. फोन केला तर तिथे रेंज नाही, आणि पोरगं वाट बघत बसलेलं. ती गेली, पण वाटेतल्या लिंबाचा डहाळा मोडून घेतला, तो दाराला खोचला आणि लांब, पार आंब्याखाली जाऊन बसली. तिथूनच ओरडून पाढे म्हणून घेतले.

"ओ बाई, मझार ये ना," मोतीबाईने दारातून आत बोलावलं. "तठे काबर बठनी?"

"आज नको, आजी," हेमलता म्हणाली. "आज डहाळा वर आहे."

मोतीबाई हसली आणि लांब दगडावर तिच्यासाठी पाण्याचा तांब्या ठेवून मागे सरली. हेमलता उठली, तांब्या उचलला, आणि आपल्याच हाताने आपल्याच हातावर पाणी घेतलं. धार वाकडी पडली. नीट जमेना.