घरचा अंगठा

"कुंडीला हात लावू नकोस म्हटलं ना एकदा!"

वहिनी एवढ्या जोरात ओरडली की तेजाबाच्या कुंडीवर वाकलेली तिची अठरा वर्षांची लेक दचकून मागे सरली. आणि दाराशी बसून चकचकीत तोट्या कागदात गुंडाळणाऱ्या आत्याच्या काळजात चर्र झालं... कारण हेच वाक्य, याच सुरात, बावीस वर्षांपूर्वी तिने आपल्या आईच्या तोंडून ऐकलं होतं!

नाल्यापलीकडची ती वस्ती धातू उजळणाऱ्यांची. भाषा वेगळी, प्रार्थना वेगळी, त्यामुळे शहरात त्यांना कुणी भाड्याने खोली देत नसे. पण शहरातल्या प्रत्येक दाराची मूठ आणि प्रत्येक नळाची तोटी उजळायला येई ती यांच्याकडेच! तेजाबात बुडवायचं, काढायचं, घासायचं. हातमोजे घातले तर धातूचा खडबडीतपणा बोटांना कळत नाही, म्हणून काम उघड्या हातांनी. पाच-सहा वर्षांत बोटांच्या टोकांवरच्या रेषा साफ पुसल्या जात. त्याचं दुःख कुणाला नव्हतं. रेषांनी कुणाचं पोट भरलंय? पण मग बँकेच्या वतीने कर्ज देणारा हप्तेवाला अंगठ्याचं यंत्र घेऊन वस्तीत आला, आणि एकाचाही अंगठा उमटेना. "अंगठा नाही तर पैसा नाही," तो म्हणाला, आणि वर शहाणपणही शिकवून गेला, "घरटी एक माणूस तेजाबापासून दूर ठेवा."

या घराने ठेवली ती थोरली लेक, म्हणजे दाराशी बसलेली ही आत्या. तेव्हा ती वीस वर्षांची होती, आणि नदीपलीकडच्या एका घड्याळ दुरुस्त करणाऱ्याने तिला मागणी घातली होती. वडील म्हणाले, "दोन वर्षं थांब, पोरी. तू गेलीस तर घराचा अंगठा जाईल." ती थांबली. छपराचं कर्ज फिटलं तोवर वडिलांच्या आजारपणाचं आलं, ते फिटलं तोवर कारखान्याच्या शेडचं... घड्याळवाल्याने तीन वर्षं वाट पाहिली, आणि मग रीतसर दुसरीकडे लग्न केलं. त्याला तरी कसला दोष द्यायचा! वस्तीतल्या टवाळांनी तिचं नावच 'अंगठाताई' पाडलं आणि तीही त्या नावाला ओ देऊ लागली.

"वहिनी," तिने आता हातातला कागद खाली ठेवला, "पोरीला कशाला अडवतेस? चार महिन्यांनी लग्न करून जाणार ती."

वहिनीने मान फिरवली. उत्तर दिलं ते धाकट्या भावाने, खोकल्याची उबळ आवरत. "लग्न पुढे ढकललंय. तीन हप्ते थकलेत, ताई. तुझ्या नावावर आता छदामही मिळणार नाही. हप्तेवाला म्हणतो, नवा अंगठा आणा, जुनं त्यातून फेडून टाकू. जुनं खातं मिटवायचं म्हणून आज दुपारी बँकेच्या शाखेत बोलावलंय."

"नाही!" तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. "माझं झालं ते झालं, तिचं नको! त्या शिंप्याच्या मुलाशी तिचं मन जुळलंय रे... दोन वर्षं म्हणशील, आणि तिची वीस जातील!"

"मग उपाशी मरू?" भाऊ भडकला. तो मुळात वाईट नव्हता. थकला होता, आणि थकलेला माणूस जवळच्याच माणसाला ओरबाडतो. "आमचे हात सडले या कुंडीत! तुला काय कमी केलं? बावीस वर्षं हातांना डाग न लावता बसून खाल्लंस!"

"आयत्या बिळावर नागोबा," वहिनी पुटपुटली.

बसून खाल्लं... ताईने वडिलांची उशापायथ्याशी बसून सेवा केली होती, या पोरीला पहिलं पाऊल टाकायला शिकवलं होतं, दर आठवड्याला हप्तेवाल्याच्या शिव्या एकटीने ऐकल्या होत्या. पण हे सगळं बोलून दाखवायचं तर ते केलं कशाला? तिने चपला पायात सरकवल्या आणि ती निघाली.

बँकेच्या शाखेत ती आयुष्यात प्रथमच जात होती. पितळी मुठीचं ते दार उघडायलाही तिचा धीर होईना. शेवटी तिने ते ढकललंच. आतली तरुण अधिकारी बाई फाइलीतून मान वर काढून म्हणाली, "बसा ना."

"बसत नाही, बाईसाहेब. माझी भाची यायचीय अंगठा द्यायला. तिचा घेऊ नका. माझ्याच नावावर घाला सगळं... मी धुणीभांडी करीन, पण फेडीन. त्या लेकराला सोडा!"

एवढ्यात भाऊ आणि भाची दारात येऊन उभे राहिले. भाचीचे डोळे रडून सुजले होते.

"पण कर्ज हवंय कुणाला?" बाईने विचारलं.

"मला," भाऊ म्हणाला. "पण माझा अंगठा उमटत नाही." त्याने दहाही गुळगुळीत बोटं टेबलावर पसरली.

"बोटं उमटत नसतील तर डोळे चालतात की! बुबुळांवरून ओळख पटते. आणि सही येत असेल तर खातं सहीवरही उघडतं. घरातल्या दुसऱ्या कुणाच्या नावावर कर्ज कशाला?"

भावाची टेबलावर पसरलेली बोटं हळूहळू मिटली.

"हे... कधीपासून?" ताईने विचारलं.

"डोळ्यांचं बारा-एक वर्षं झाली. सही तर पहिल्यापासून चालते. तुम्हाला कुणी सांगितलं नाही?"

कोण सांगणार? एकेका घरात चार-चार जणांशी घासाघीस करण्यापेक्षा घरटी एक मान पकडलेली हप्तेवाल्याला सोयीची होती. आणि वस्तीतल्या कुणाला बँकेचं दार ढकलून आत जाण्याची हिंमत झाली नव्हती, सगळे बाहेरूनच त्याच्या मुठी उजळत राहिले... ताईच्या मनात हिशेब उभा राहिला. नदीपलीकडचं ते छोटंसं दुकान, न झालेला संसार, न जन्मलेली मुलं! सगळं एका न विचारलेल्या प्रश्नापायी!

"मला सही येते," भाऊ अगदी हळू आवाजात म्हणाला. "तिनेच शिकवली होती... पाटीवर." आणि तो एवढा बाप्या माणूस ताईच्या पायांशी बसला. "ताई, मी काय बोललो गं तुला सकाळी! तुझं आयुष्य मी खाल्लं आणि तुलाच म्हणालो बसून खाल्लंस... मार मला!"

"ऊठ, वेड्या. लोक बघतायत." तिने त्याला दंडाला धरून उठवलं. "आपल्याला कुणाला ठाऊक होतं? आधी पोरीचं लग्न वाचव. माझ्यासाठी रडायला पुढे खूप वेळ आहे."

बाईने कागद काढले. थकलेले हप्ते लहान करून देण्याचा अर्ज, नवं खातं, सगळं भावाच्या स्वतःच्या नावावर. त्याने सही केली. मग बाईने डोळ्यांचं यंत्र त्याच्यासमोर धरलं. यंत्राने तांबडा दिवा दाखवला. पुन्हा धरलं, पुन्हा तांबडा.

"डोळ्यांत पाणी असलं की घेत नाही ते," बाई म्हणाली. "जरा पुसता का?"

ताईने आपल्या बाहीने त्याचे डोळे पुसले. ते पुन्हा भरले. तिने पुन्हा पुसले, ते पुन्हा भरले, आणि मागच्या रांगेत कुणीतरी कुरकुरलं, "अहो, किती वेळ?"

अंगठाताईने मागे वळून पाहिलं. तिचा स्वर अगदी साधा होता.

"रडू द्या हो त्याला. बावीस वर्षं मी थांबले, घटकाभर तुम्ही थांबा."