करंट दोनशेवर

पहिल्याच भेटीत त्याने तिचा हात धरला, पण त्यात प्रेमबिम काही नव्हतं. निव्वळ घाबरगुंडी होती. नवा वेल्डर स्टेनलेस स्टीलचे दोन पत्रे जोडून तिच्या तपासणीच्या खोलीत आला होता. तिने तो तुकडा मशीनच्या जबड्यांत अडकवला, मशीनने तो दोन्हीकडून ताणला आणि — धाड्! सांधा तुटला. एवढा उंचापुरा गडी, पण थेट तिच्या मनगटाला लटकला.

"सॉरी... पहिल्यांदाच ऐकलं," तो पुटपुटला.

त्यानंतर त्याचा प्रत्येक तुकडा सांध्यातच तुटू लागला आणि प्रत्येक वेळी तो इमानेइतबारे दचकू लागला. तिलाही त्याची वाट बघायची सवय जडली. पण आज फोरमनने दम भरला होता — आणखी एक सांधा तुटला, तर याची रवानगी दूरच्या कारखान्यात, लोखंडी गेटं जोडायला.

तिने काळवंडलेला सांधा त्याच्यासमोर धरला. "करंट कितीवर ठेवता?"

"दोनशे."

"तीन मिलीच्या पत्र्याला? शंभरात भागतं. जास्त तापवलं की सांधा काळा पडतो, ताकद जाते. हे तुम्हाला ठाऊक नाही?"

"ठाऊक आहे की." तो बुटांकडे बघू लागला. "पण सांधा पास झाला, तर इथे परत यायचं कशाला...?"

तिला रागही आला आणि हसूही आवरेना.

"आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणारा माणूस आज बघितला. अहो, गेटं जोडायला गेल्यावर कुठून येणार होतात? जा, नीट जोडून आणा."

दुपारी तो आला. सांध्यावर फिकट सोनेरी झाक होती. तिने मशीन सुरू केलं. तुकडा ताणत राहिला... ताणतच राहिला...

"एक विचारू?" तो म्हणाला. "बाकीच्यांचे तुकडे झटपट तुटतात. माझ्याच वेळी मशीन एवढं हळू का चालतं?"

"तुम्ही तुमच्या सांध्याकडे बघा," ती म्हणाली, पण तिची कानशिलं तापली. त्याच्या दुसऱ्या तुकड्यापासूनच ती मशीन अगदी हळू लावत आली होती.

धाड्.

तुकडा तुटला, पण पत्र्यात. सांधा शाबूत होता; तो पास झाला होता. या वेळी तो जराही दचकला नाही. त्याच्या मनगटावर मात्र तिची बोटं घट्ट बसली होती.

"तुम्ही तर रोज ऐकता हा आवाज," तो हळूच म्हणाला. "आज कशा दचकलात?"

"दचकले कुठे?" ती म्हणाली, आणि हात तसाच राहू दिला.