ओ दिली नाही

ही गोष्ट खरी आहे. नावंसुद्धा मी बदललेली नाहीत. बदलून आता कोणाचं भलं होणार आहे?

मागच्या वर्षीचा जानेवारी. रविवारची सकाळ. मी, माझी मनिषा ताई आणि तिचा नवरा हरेश भाऊजी गाडीने पनवेलहून मुरुडला निघालो होतो. समुद्र बघायचा, मासे खायचे, संध्याकाळी परत. ताईचा हट्टच होता. आम्ही दोघी बहिणी मागे बसलो, तर भाऊजी म्हणाले, मला पार ड्रायव्हर करून टाकलंत.

भाऊजींचा कळंबोलीत ट्रकचा धंदा. बोलायला लागले की हॉर्नलाही थांबावं लागेल असा माणूस. पण समुद्राचं नाव काढलं की गप्प. आमचं गाव उरणकडचं, घरं सगळी मासेमारीची. भाऊजीही पूर्वी होडीवर जायचे. गणू गेला आणि त्यांनी होडी सोडली.

गणू त्यांचा जोडीदार. ताईचं लग्न त्याच्याशीच ठरलं होतं. एका सकाळी धुक्यात त्याची होडी खडकावर फुटली. तो सापडलाच नाही. पुढे भाऊजींनी ताईला मागणी घातली. आम्हाला वाटलं, केवढं मोठं मन.

रेवदंड्याचा पूल ओलांडला आणि धुकं उतरलं. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला खाली काळे खडक. पुढचा रस्ता दिसेना. भाऊजींनी काच खाली करून गाडी हळू घेतली.

तेव्हा हाक आली...

"हरेश..."

समुद्राकडून.

लोक म्हणतात, अशा हाकेला ओ देऊ नये. आमच्यात उलट आहे. धुक्यात पाण्यावरून हाक आली की किनाऱ्यावर जो असेल त्याने ओ द्यायची. देत राहायची. त्या आवाजावर होडी किनाऱ्याला लागते. हाक मारणारा सात जन्मांचा वैरी का असेना, ओ द्यायची म्हणजे द्यायची.

माझ्या तोंडून ओ निघणारच होती.

"निशा, ओ देऊ नको," भाऊजी म्हणाले.

त्यांनी काच वर केली. मी म्हटलं, कोणी अडकलं असेल, गाडी थांबवा. ते ऐकेनात.

पुढच्या वळणावर पुन्हा...

"हरेश..."

काच बंद होती. तरी आवाज जवळ आला होता.

ताईने माझा हात घट्ट धरला. गाव सोडून इतकी वर्षं झाली, पण तिच्या तोंडून गावचीच बोली निघाली.

"हा गणूचा आवाज हाय."

गाडी बंद पडली. लाटांचा आवाजही थांबला...

भाऊजी स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडायला लागले. मग सगळं सांगितलं. त्या सकाळी ते धक्क्यावरच होते. गणू त्यांचं नाव घेऊन हाका मारत होता. ते ऐकत उभे राहिले. होडी फुटेपर्यंत.

"एक ओ दिली असती तर तो आला असता," ते म्हणाले. "मंग तू मला मिळाली नसतीस."

ताईने माझा हात सोडला. ती आपल्या बाजूच्या खिडकीकडे वळली.

भाऊजी दार उघडून उतरले. त्याची माफी मागून येतो म्हणाले. धुक्यात दिसेनासे झाले.

थोड्या वेळाने त्यांची हाक आली.

"मनिषा... गाडी कुठं हाय? काय दिसत नाय. ओ दे."

आवाज खडकांकडे सरकत होता. मी माझ्या बाजूच्या दाराचं हँडल दोन्ही हातांनी ओढलं. दार उघडेना. ओ द्यायला तोंड उघडलं...

आणि मागून एक हात माझ्या तोंडावर आला.

ओला. थंडगार. चवीला खारट.

मला मान वळवता येईना. भाऊजी हाका मारत दूर गेले. शेवटी नुसतं "ओ दे गं..." ऐकू आलं. मग तेही नाही.

धुकं विरलं तेव्हा लख्ख ऊन होतं. खाली खडकावर त्यांची एक चप्पल होती. ते आजतागायत सापडले नाहीत. पोलीस म्हणाले, पाय घसरला असणार.

त्यानंतर मी ताईशी बोलणं टाकलं. तो हात तिचाच, गणूचा सूड तिनेच घेतला, असं मी धरून चालले होते. तिचा मला राग यायचा, आणि तिच्या जागी मी असते तर काय केलं असतं, या विचाराने जास्त त्रास व्हायचा. तीही माझ्याकडे फिरकली नाही. तिचं मन तिला खात असणार, मला वाटलं.

यंदा जानेवारीत पनवेलला दाट धुकं पडलं. त्या सकाळी ताई माझ्या दारात आली. आत आली नाही. उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली,

"निशे, वर्षभर गप्प राहिले. आता सांग. मी त्यांना ओ देणारच होते. तू मागून माझं तोंड का दाबलंस?"

आता धुकं पडलं की आम्ही दोघी एकमेकींचे हात धरून बसतो. चारही हात डोळ्यांसमोर ठेवतो.

परवाही तसंच बसलो होतो. खाडीकडून भाऊजींसारखी हाक आली. आम्ही दोघींनी एकदमच तोंड उघडलं...

आवाज फुटलाच नाही. ओठांवर मीठ होतं.