रविवारीसुद्धा

फळ्यावर तीन नियम लिहिले होते. पहिला: पाळता येणार नाही असं वचन मुलाला देऊ नका. दुसरा: उभं राहून बोलू नका, मुलाच्या डोळ्यांच्या उंचीला या. तिसरा: प्रश्न विचारला की दोन मिनिटं गप्प बसा. सगळ्यात जास्त कुरकुर तिसऱ्यावर झाली. बावीस वर्षं नोकरी झालेल्या वॉर्डनने सांगितलं की आपण दोन मिनिटं गप्प बसलो तर पोरं घाबरून डॉक्टरला बोलावतील.

फळ्यापाशी उभ्या असलेल्या माणसाला सगळे मास्तर म्हणत. तो एकोणतीस वर्षांचा होता आणि समोरच्या चौदा जणांतले बारा जण त्याच्याहून मोठे होते. त्या हाकेत आदर किती आणि टवाळी किती, हे त्याने तपासून पाहिलं नव्हतं. काही गोष्टी न तपासलेल्याच बऱ्या असतात.

समोर बसलेले सगळे निरीक्षणगृहांतले कर्मचारी होते. गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलांना निकाल लागेपर्यंत जिथे ठेवतात, तिथे त्यांना उठवणारे, जेवू घालणारे, कुलपं लावणारे. त्यांना मुलांशी बोलायला शिकवायचं, हे मास्तरचं काम. पहिला आठवडा ही तुकडी, दुसरा आठवडा नवी तुकडी, मग त्याची मुख्य कार्यालयात बदली. बदलीचा कागद त्याने पाकिटात घडी घालून ठेवला होता आणि दिवसातून दोनदा काढून वाचायचा. त्याला इथून निघायचं होतं, बाकी काही नाही.

जागाही निघावंसं वाटेल अशीच होती. जुनं निरीक्षणगृह. मुलं दोन वर्षांपूर्वी नव्या इमारतीत गेली, तेव्हापासून इथे फक्त प्रशिक्षण चालायचं. भिंतींना कमरेपर्यंत हिरवा ऑइलपेंट, वर चुना. खिडक्यांना गज. दाराच्या आतल्या बाजूला कडीच नव्हती, कारण ती कधी कोणाला लागलीच नव्हती.

शिकवण्याची मुख्य पद्धत म्हणजे खुर्ची. एकाने मुलाच्या खुर्चीत बसायचं, हातात कार्ड घ्यायचं आणि त्या मुलासारखी उत्तरं द्यायची. दुसऱ्याने समोर बसून प्रश्न विचारायचे. खऱ्या मुलाची फाइल वापरायला बंदी होती, म्हणून मास्तरने बसस्टॉपवर उभ्या उभ्या एक मुलगी तयार केली होती. वय तेरा. आई-वडील नाहीत, मावशीकडे राहते. शेजाऱ्याची स्कूटर पळवली आणि पेट्रोल संपेपर्यंत चालवली. परत का नेली नाहीस, असं विचारल्यावर म्हणाली, ती दमली होती. कार्डावर नावाच्या जागी तीन फुल्या. बस आली, म्हणून नाव राहून गेलं.

सोमवारी सकाळी पुरुषांचा गट होता. खुर्चीत पहिला बसला तो वॉर्डन. नव्वद किलो वजन, गालमिशा, आणि हाक मारली तर गच्चीवरची कबुतरं उडतील असा आवाज. त्याने तेरा वर्षांची मुलगी व्हायचं म्हटल्यावर हॉल आधीच हसायला लागला. वॉर्डनने गुडघे जवळ घेतले, हात मांडीखाली दाबले आणि गप्प बसला. दोन मिनिटं झाली. चार झाली. हसणारे हसायचे थांबले.

मग तो, आवाज अजिबात न बदलता, म्हणाला, "मावशीकडची खिडकी लागत नाही. फटीत वही घालायला लागते."

हे कार्डावर नव्हतं. मास्तरने त्याला कल्पनाशक्तीचे दोन गुण जास्त दिले.

दुपारी महिला कर्मचाऱ्यांचा गट होता. त्या दुसऱ्या गावच्या निरीक्षणगृहातल्या, जेवण आटोपून थेट दुपारच्या गाडीने आल्या होत्या. खुर्चीत बसली ती एक काळजीवाहक बाई, दोन नातवंडांची आजी. तीसुद्धा हात मांडीखाली दाबून गप्प बसली. मग तिने सांगितलं की थंडीत झोप येत नाही, वही पावसाने फुगली आणि खिडकी आता तेवढीही लागत नाही.

मास्तरने सकाळच्या गटात चौकशी केली. कोणी भेटलं होतं का, बोललं होतं का. नाही. त्याने तीन कारणं शोधली, तिन्ही त्याला पटली नाहीत, म्हणून तिन्ही मिळून एक कारण आहे असं मानून त्याने आपली गुणांची वही मिटली.

पुढचे दिवस गोष्ट चालतच राहिली. सकाळी कोणीही बसो, दुपारी कोणीही बसो, मुलगी आधी जिथे थांबली होती तिथूनच पुढे जायची. मंगळवारी तिने मावशीच्या नवऱ्याबद्दल एक वाक्य अर्ध्यात सोडलं आणि दुपारी दुसऱ्याच बाईने ते पूर्ण केलं. बुधवारी ती थोडी रडली. त्या वेळी खुर्चीत होता तो स्वयंपाकी, आणि त्याने नंतर शपथेवर सांगितलं की कांदा कापतानासुद्धा आपल्या डोळ्यांतून पाणी येत नाही. गुरुवारी तिने विचारलं, निकाल कधी लागणार.

या प्रश्नाचं उत्तर कार्डावर नव्हतं. मास्तरने बसस्टॉपवर निकालाचा विचारच केला नव्हता.

शुक्रवारी पुन्हा वॉर्डनची पाळी आली. समोर बसलेल्या शिपायाने नियमाप्रमाणे विचारलं, आज कसं वाटतंय. वॉर्डनने त्याच्याकडे पाहिलंच नाही. तो बाजूला उभ्या असलेल्या मास्तरकडे पाहत होता. मग त्याचा जाडजूड हात मांडीखालून बाहेर आला आणि त्याने दोन बोटांनी मास्तरच्या शर्टाची बाही धरली. अगदी टोकाला, सुटली तर सुटू दे अशी.

"उद्या येशील?" तो म्हणाला.

हॉलमध्ये कोणीतरी खोकलं. मास्तरला वातावरण हलकं करायचं होतं. तसा तो आयुष्यभर वातावरणच हलकं करत आला होता.

"रोज येईन," तो म्हणाला. "रविवारीसुद्धा. तुझा निकाल लागेपर्यंत."

सगळे हसले. फळ्यावरच्या पहिल्या नियमाकडे बोट दाखवून शिपायाने मास्तरला शून्य गुण दिले, तेव्हा आणखी हसले. वॉर्डनने बाही सोडली आणि शहाण्यासारखी मान डोलावली.

चहाच्या वेळी तो मास्तरशेजारी येऊन उभा राहिला. बराच वेळ कपात चमचा फिरवत राहिला. साखर केव्हाच विरघळली होती.

"लेकराला असं बोलायला नको होतं, मास्तर."

"कुठल्या लेकराला?"

वॉर्डनने बिस्किट घेतलं, अर्धं मोडलं आणि उरलेलं अर्धं परत बशीत ठेवलं.

शनिवारी प्रमाणपत्रं वाटली, फोटो झाला, तुकडी गेली. खुर्ची हॉलच्या मधोमध तशीच राहिली. भिंतीला लावून ठेवावी असं मास्तरच्या मनात आलं होतं, पण त्याने ती हलवली नाही.

तो ताईकडे राहायचा. रविवारी सकाळी त्याने शर्टाला इस्त्री केली, घडी घातली, घडी मोडली आणि पुन्हा इस्त्री केली. वर्तमानपत्र उघडलं, मिटलं. गॅलरीत गेला, आत आला, परत गेला. ताई भाजी निवडत होती. तिने विचारलं, चपलेत खडा गेलाय का डोक्यात. तेव्हा त्याने तिला सगळं सांगितलं, नव्वद किलोच्या मुलीचा भाग जास्त रंगवून. ताई हसली नाही.

"मग जाऊन ये की," ती म्हणाली. "वीस मिनिटांचा रस्ता आहे."

"आणि काय करू? खुर्चीला नमस्कार करू?"

"येतो म्हणालास ना?"

"अगं, ती मुलगी नाहीच. मी तयार केलीय ती."

"हो का," ताई म्हणाली आणि शेंगा सोलायला लागली. "मग तर तुझ्याशिवाय तिला कोणीच नाही."

तो गेला नाही. अकरा वाजता चपला घातल्या, साडेअकराला काढल्या. दुपारी झोपायचा प्रयत्न केला आणि छताला पडलेल्या भेगा मोजल्या. पाच वाजता मात्र एकाएकी बरं वाटलं. पाठीवरचं ओझं कोणीतरी न सांगता उचलून नेल्यासारखं. त्याने दोन कप चहा घेतला आणि ताईला एक जोक सांगितला. जोक चांगला होता, पण ताई त्याच्याकडे जरा निरखून पाहत राहिली.

सोमवारी फाटकावरच्या वॉचमनचं तोंड उतरलेलं होतं. सावकाश बोलणारा, म्हाताऱ्या आईला सांभाळणारा माणूस. पहिल्या तुकडीत त्यानेही प्रशिक्षण घेतलं होतं. मास्तरने कारण विचारलं.

"काल सुट्टी होती माझी, सर. तुम्ही आलात म्हणून फाटक उघडून बसावं लागलं. दिवसभर."

"मी आलो नव्हतो."

वॉचमनने फाटकावरची ये-जा नोंदायची वही फिरवून त्याच्यापुढे धरली. रविवार, सकाळी साडेअकरा. खाली मास्तरची सही. सहीच्या शेवटी त्याच्या हाताला सवयीने पडणारा बारीक ठिपकासुद्धा.

बाहेर गेल्याची वेळ कोरी होती.

"जाताना दिसला नाहीत," वॉचमन म्हणाला. "आता बघतो तर बाहेरून येताय."

मास्तर हसला. मागच्या भिंतीवरून उडी मारली असेल, असं म्हणाला. वॉचमनने मागच्या भिंतीकडे पाहिलं. ती बारा फूट होती आणि तिच्यावर काचा होत्या. मास्तरने ठरवलं की शिपायाने चेष्टा केली आहे. सही गिरवणं काही अवघड नसतं. हे कारण त्याला हॉलच्या दारापर्यंत पुरलं.

नवी तुकडी बसली होती. नव्याने रुजू झालेली एक तरुण अधिकारी पुढे आली आणि खुर्चीत बसली. मास्तरने तिला कार्ड दिलं नव्हतं. ते अजून त्याच्याच हातात होतं.

तिने हात मांडीखाली घातले नाहीत. निवांत टेकून बसली. समोरच्याने विचारलं, कशी आहेस.

"बरी आहे. काल ते आले होते. दिवसभर बसले."

"कोण?"

"रोज येईन म्हणाले होते ते. आज मला घेऊन जाणार आहेत."

समोरच्याने प्रश्नांच्या कागदावर पाहिलं. कागदावर असं काही नव्हतं, तेव्हा त्याने मास्तरकडे बोट दाखवून विचारलं, "हे सर का?"

तिने मास्तरकडे पाहिलं. सावकाश, नीट, ओळख पटवायला सांगितल्यासारखं.

"नाही," ती म्हणाली. "हे नाहीत."

मास्तरने दिवसभर शिकवलं. नियम सांगितले, फळा पुसला, परत लिहिला. जेवताना त्याच्या लक्षात आलं की आपण एकाच जागी दोन मिनिटंही बसलेलो नाही. पाच वाजता सगळे गेले. खुर्ची रिकामी होती आणि या वेळी ती खरोखरच रिकामी वाटत होती.

त्याने कार्डं गोळा केली, पिशवी उचलली आणि जवळजवळ पळतच फाटकापाशी आला.

फाटकाला कुलूप होतं.

वॉचमन खोलीतून बाहेर आला. मास्तरने त्याला फाटक उघडायला सांगितलं. वॉचमनने कुलपाला हात लावला नाही.

मास्तरने वही ओढून घेतली. सोमवार, बाहेर, पाच वाजून दहा मिनिटं. सही. ठिपका. शेजारी वॉचमनच्या अक्षरात: सोबत एक मुलगी.

"सर गेले," वॉचमन म्हणाला. "आत्ताच. ताई वाट बघतेय म्हणाले."

"मीच सर आहे."

वॉचमनने चावी खिशात ठेवली. हातातली काठी भिंतीला टेकवून ठेवली, दिसणार नाही अशी. मास्तर फाटकाशेजारच्या बाकावर बसला होता. आपण कधी बसलो ते त्याला आठवेना. त्याचे पाय जमिनीला टेकत नव्हते.

वॉचमन गुडघ्यांवर हात ठेवून कण्हत खाली बसला. खाली, आणखी खाली, त्याचे डोळे मास्तरच्या डोळ्यांसमोर येईपर्यंत.

"घाई नाही," तो हळू आवाजात म्हणाला. "नाव काय तुझं?"

मास्तरने तोंड उघडलं. नावाच्या जागी काहीच आलं नाही. वॉचमन थांबला. दोन मिनिटं, पूर्ण. एकदाही घड्याळाकडे न बघता.

"मला न्यायला येतील ना?" मास्तरने विचारलं.

वॉचमनच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मनाने चांगला माणूस होता तो. पण तो चुकला नाही.

"ते मला माहीत नाही, बाळा," तो म्हणाला. "खोटं सांगणार नाही."